साडेसहाशेचा ओबीडी स्कॅनर आणि बूस्ट सेन्सरची एक वायर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात माझ्या डिझेल गाडीचा चेक इंजिन दिवा लागला, पिकअप पार गेला आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू करताच सारे पूर्ववत झाले. असे दोनदा झाल्यावर गॅरेजमध्ये बूस्ट सेन्सर, म्हणजे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) किती दाब देतो ते मोजणारा सेन्सर, बदलण्यात आला, चार दिवसांत दिवा पुन्हा लागला आणि मग ‘टर्बोच उतरवावा लागेल’ असे सांगण्यात आले. तेव्हा मी हा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर मागवला; गाडीतल्या सॉकेटमध्ये लावला की तो गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड आणि सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवतो.

कोड निघाला पी०२३८, म्हणजे बूस्ट सेन्सरच्या सिग्नलचे व्होल्टेज मर्यादेपेक्षा जास्त. टर्बो उतरवण्याआधी वायरिंग तपासावे, एवढे त्यावरून स्पष्ट होते. इंजिन सुरू न करता चावी ऑन ठेवली, की सेन्सरने भोवतालच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. पुण्याच्या उंचीवर तो सुमारे ९५ किलोपास्कल असतो. माझ्याकडे ९५ दिसत होते, पण कपलरजवळची (सेन्सरला वायरी जोडणाऱ्या प्लगजवळची) वायर हलवली की आकडा थेट २५५ वर जाई. (२५५ ही त्या आकड्याची कमाल मर्यादाच आहे, त्यामुळे तो खरा दाब समजू नये.)

पुढचे काम मल्टिमीटरचे होते. ५ व्होल्टचा पुरवठा ठीक होता. अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणाऱ्या, वायरला कंटिन्युइटी (वायर अखंड आहे का, ही चाचणी) लावल्यावर बीप वाजला आणि मी तिथेच फसलो, कारण एखादाच तंतू शाबूत असला तरी बीप वाजतो. कपलर जोडलेला ठेवून, मागून टाचणी घालून, चावी ऑन असताना अर्थची पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामधले व्होल्टेज मोजले, तेव्हा जिथे जेमतेम काही मिलिव्होल्ट असायला हवेत तिथे वायर हलवताच सव्वादोन व्होल्ट दिसले. क्लिपपाशी आवरण घासले जाऊन आतले तांबे हिरवे पडले होते. तेवढा तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली.

स्कॅनरच्या तक्रारीही आहेत. एबीएसचे (ब्रेक लावताना चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) कोड तो वाचत नाही, आकडे सावकाश बदलतात, आणि आठवडाभर सॉकेटमध्ये विसरल्यावर बॅटरी उतरली, यात चूक अर्थात माझीच. दिवा मात्र वायर बदलल्यानंतर लागलेला नाही. मागच्या महिन्यात तोच घाट चढून महाबळेश्वरला गेलो, तिथे चावी ऑन करून पाहिले तर आकडा ८६ होता. त्या उंचीला तो तेवढाच हवा.