वेळ साठवायची कशी: झोनशिवाय, नुसता आकडा, यूटीसी की झोनच्या नावासकट?

नव्या ॲपचं टेबल आखताना तारीख-वेळेचा कॉलम कुठल्या प्रकारचा ठेवायचा, यावर फारसा विचार होत नाही. मुंबईत तर नाहीच. देशभर एकच वेळ, वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे करणं नाही, मग झोनची, म्हणजे ठिकाणागणिक बदलणाऱ्या प्रमाणवेळेची, काळजी कशाला? पण हा निर्णय चुकला की त्रास हिशेबात दिसतो, आणि तोही ऐन मार्चअखेरीस. म्हणून पर्याय आधीच नीट पारखून घ्यावेत. समजा, तुम्ही दादरच्या फूलबाजारातल्या गाळेधारकांसाठी बिलिंगचं ॲप बनवताय. तिथे पहाटेच खरेदी-विक्री सुरू होते. ही पहाटेची वेळ आपल्या विषयात फार महत्त्वाची आहे.

सगळ्यांत सोपा पर्याय म्हणजे घड्याळात दिसते तीच वेळ झोनशिवाय ठेवणं: मायएसक्यूएल या डेटाबेसमधला डेटटाइम किंवा पोस्टग्रेस या डेटाबेसमधला झोनशिवायचा टाइमस्टँप. टेबल उघडलं की वेळ सरळ वाचता येते, रिपोर्टची क्वेरीही सोपी. जोवर नोंद करणारं प्रत्येक यंत्र भारतीय वेळेवर आहे, तोवर हे चालतं. पण क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जगभर आधार धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेवर, लावलेले असतात. तिकडे गेल्यावर सर्व्हरला ‘आत्ताची वेळ’ विचारली की साडेपाच तास मागची वेळ पडते. मग जुन्या ओळी भारतीय वेळेत, नव्या यूटीसीत, आणि कुठली ओळ कशातली हे त्या ओळीवरून कळायला मार्ग नाही. रोजच्या व्यवहारांसाठी हा पर्याय मी घेणार नाही.

एका कामाला मात्र तोच योग्य आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे असलेला ‘बॉम्बे टाइम’ या शहरात १९५५पर्यंत वापरात होता, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. संगणक ज्या झोनच्या यादीवर चालतात, तिच्यात भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ हे एकच नाव आहे आणि मुंबईचा हा इतिहास त्यात नाही. जुनी रजिस्टरं संगणकात उतरवणार असाल, तर कागदावरची वेळ आहे तशी ठेवा आणि ती कुठल्या घड्याळाची, हे शेजारच्या कॉलममध्ये लिहा. तिचं यूटीसीत रूपांतर करू नका.

दुसरा पर्याय नुसत्या आकड्याचा: १ जानेवारी १९७०च्या यूटीसी मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले. तुलना आणि वजाबाकी झटपट होते, झोनचा गोंधळ नाही. पण डोळ्यांनी काहीच वाचता येत नाही, आणि युनिक्स सेकंद मोजतं तर जावास्क्रिप्ट मिलिसेकंद. सेकंदांचा आकडा मिलिसेकंद समजून वाचला की आजचं बिल जानेवारी १९७०मध्ये जाऊन पडतं. शिवाय ३२ बिटांच्या कॉलममध्ये हा आकडा १९ जानेवारी २०३८ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतो. मायएसक्यूएलच्या टाइमस्टँप प्रकारालाही हीच मर्यादा आहे. २०३८ लांब वाटतं, पण आज घेतलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते त्याच्या पलीकडे जातात. दोन यंत्रणांमध्ये वेळ पाठवायला आकडा ठीक, तोही ६४ बिटांत. मुख्य टेबलात नको.

तिसरा पर्याय, यूटीसीतला क्षण, बहुतेक ॲपसाठी बरोबर आहे. पोस्टग्रेसमध्ये यासाठी ‘टाइमस्टँप विथ टाइम झोन’ वापरा. हा प्रकार झोन साठवत नाही, आलेली वेळ यूटीसीत बदलून ठेवतो आणि दाखवताना तुमच्या सेशनच्या (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या) झोनमध्ये देतो. बिल कधी झालं, पैसे कधी आले, कोणी कधी लॉगइन केलं, या सगळ्याला हाच प्रकार.

पण ‘सगळं यूटीसीत ठेवलं की झालं’ हा सल्ला आपल्याकडे अर्धाच कामाचा आहे. यूटीसीचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. दादरला १ एप्रिलच्या पहाटे चारला झालेलं बिल यूटीसीत ३१ मार्चच्या रात्री साडेदहाचं असतं. रिपोर्टने यूटीसी तारखेवर बेरीज केली, तर ते बिल थेट मागच्या आर्थिक वर्षात जातं. सकाळी दहाला उघडणाऱ्या ऑफिसात ही चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. फूलबाजारात मात्र रोजचा आकडा चुकेल. म्हणून साठवण यूटीसीत असली, तरी दिवस, महिना आणि वर्ष काढण्याआधी वेळ ‘एशिया/कोलकाता’मध्ये आणलीच पाहिजे.

पुढे घडायच्या गोष्टींना यूटीसी पुरत नाही; तिथे चौथा पर्याय, झोनच्या नावासकट वेळ, लागतो. लंडनच्या ग्राहकाशी दर सोमवारी तिथल्या सकाळी नऊला बैठक ठरली, तर हिवाळ्यात ती मुंबईत दुपारी अडीचला आणि उन्हाळ्यात दीडला येते. सरकारं नियमही ऐन वेळी बदलतात: मार्च २०२३मध्ये लेबनॉनने घड्याळ पुढे नेणं आधी लांबवलं आणि काही दिवसांत तो निर्णय फिरवला. अशा बैठकीचा यूटीसी क्षण आधीच काढून ठेवला, तर नियम बदलल्यावर तो चुकीचा ठरतो. तिथे स्थानिक वेळ आणि ‘युरोप/लंडन’ हे झोनचं नाव, दोन्ही ठेवा. नुसतं ‘अधिक एक तास’ लिहून भागत नाही, कारण फरक ऋतूनुसार बदलतो.

जन्मतारीख, हप्त्याची तारीख, दसऱ्याची सुट्टी यांना वेळ नसतेच. त्यांना फक्त तारखेचा कॉलम द्या. जावास्क्रिप्टमध्ये इथेच भारतीय ॲप फसतात: फॉर्ममध्ये निवडलेली तारीख स्थानिक मध्यरात्र धरली जाते, ‘टूआयएसओस्ट्रिंग’ हे फंक्शन तिला यूटीसीत नेतं आणि ती आदल्या दिवशीच्या संध्याकाळी साडेसहाची होते. बाळाची जन्मतारीख एक दिवस मागे सरकते.

भाषेची निवड तुमच्या हातात असेल, तर या बाबतीत जावा सरस आहे. २०१४च्या आठव्या आवृत्तीपासून तिथे क्षण, नुसती तारीख आणि झोनसकट वेळ हे वेगवेगळे प्रकार आहेत, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा घातला तर कंपायलरच अडवतो. पायथनमध्ये ३.९ आवृत्तीपासूनचं झोनइन्फो हे मॉड्यूल वापरा. पायटीझेड हे जुनं पॅकेज थेट डेटटाइमला जोडलं, तर साडेपाचच्या जागी ५ तास ५३ मिनिटांचा फरक येतो, कारण ते कलकत्त्याची जुनी स्थानिक वेळ उचलतं. जावास्क्रिप्टमध्ये टेम्पोरल हे नवं साधन असेच वेगवेगळे प्रकार आणतं. फायरफॉक्समध्ये ते १३९व्या आवृत्तीपासून आहे. जुन्या ब्राउझरांसाठी पॉलिफिल (नसलेली सोय भरून काढणारा कोड) लावा आणि नव्या कोडमध्ये जुन्या ‘डेट’ऐवजी टेम्पोरलच घ्या.