ल्योंची खोली, १,७५० यूरो आणि "तुम्ही ऑनलाइन तक्रार करा"

१,५६० अधिक १९०. एकूण १,७५० यूरो. बँकेचं कमिशन आणि जीएसटी धरून बाबांच्या खात्यातून १,६०,५१० रुपये गेले. आकडा आधीच लिहून टाकते, कारण नातेवाइकांना "थोडेफार गेले" असं सांगून सांगून मलाही ते थोडेफार वाटायला लागलेत.

शिकायला फ्रान्सला जाताना भाड्याच्या खोलीच्या नावाखाली फसले. प्रकार नवा नाही. ल्योंच्या सातव्या विभागात सामानासकट स्टुडिओ, मेट्रो जवळ, भाडं ५२०. मालकीणबाई नोकरीसाठी बार्सिलोनात, चावी शेजारी देणार. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. "एवढं कसं कळलं नाही" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते: व्हिसाच्या फाइलला राहण्याचा पत्ता लागतो. क्रूसच्या, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या, वसतिगृहाचा नकार जुलैत आला. खासगी रेसिडेन्सवाले गारां मागतात, म्हणजे फ्रान्समध्ये पगार असलेला जामीनदार. नाशिकच्या एसटी डेपोतून रिटायर झालेले बाबा त्यांना चालत नाहीत. (विझाल नावाची हमी विद्यार्थ्यांना फुकट मिळते, हे मला नंतर कळलं. तुम्ही आत्ताच शोधून ठेवा, आणि तिचे कोणी पैसे मागितले तर तो चोर.)

करार आला तो नऊ पानी, फ्रेंचमध्ये, ६ जुलै १९८९ च्या भाडेकायद्याचा हवाला देणारा. डिपॉझिट दोन महिन्यांचं, १,०४०; पहिल्या भाड्यासकट १,५६०. फर्निचरसकट घराला कायद्याने तेवढं घेता येतं, मी स्वतः तपासलं होतं. खाते क्रमांकाची सुरुवात स्पेनच्या अक्षरांनी होती. बाई बार्सिलोनात, मग खातंही तिथलं, यात खटकण्यासारखं काय होतं? मी कायदा वाचून फसले आहे. ज्यांनी तो कधी उघडलाही नाही त्यांनी मला अक्कल शिकवू नये.

पण एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. बॅगा भरताना आत्या आली होती. तिला खोलीचे फोटो दाखवले. आत्या सहा महिने न्यू जर्सीत मुलाकडे राहून आलेली. खिडकीखालच्या सॉकेटवर बोट ठेवून म्हणाली, "अगं, हे तर आमच्या तिकडच्यासारखं दिसतंय." दोन उभ्या चपट्या फटी, खाली अर्धगोल भोक. आणि त्याच वेळी माझ्या मांडीवर एमजी रोडवरून ३५० रुपयांना आणलेला फ्रान्सचा अडॅप्टर पडलेला. गोल पिनांचा! फ्रान्सच्या सॉकेटला दोन गोल भोकं असतात आणि मधून एक धातूची पिन बाहेर आलेली असते. ते चित्र त्या अडॅप्टरच्या खोक्यावर छापलेलं होतं. मी काय म्हटलं? "आत्या, फॉरेनचं सगळं सारखंच असतं." दुसऱ्या दिवशी घराच्या विम्याचे म्हणून आणखी १९० पाठवले. विमा भाडेकरूला काढावाच लागतो हे खरं, पण तो आपण आपल्या पसंतीच्या कंपनीकडून काढायचा असतो, मालकिणीच्या खात्यात भरायचा नसतो. आत्या अजून काही बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ल्योंला उतरले तर इमारत खरी, नंबर खरा, बेलवर ते नाव नाही. तळमजल्यावरच्या बाईंनी माझ्या दोन बॅगांकडे पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत मान हलवली.

पोलीस चौकीत खुर्चीवर दोन तास. मग काउंटरवरच्या साहेबांनी विचारलं, पैसे कुठून गेले? भारतातून. कुठे गेले? स्पेनला. "मग इथे काय घडलं?" अहो, खोली इथली, करार इथला, रस्त्यावर उभी मी इथे! ते म्हणे, फार तर नोंद करून घेतो. नुसती नोंद म्हणजे मॅं कुरांत, तिच्यावर तपास सुरू होत नाही. तुम्ही "पोर्ते प्लेंत", म्हणजे तक्रार दाखल करायची आहे, असंच म्हणा आणि हलू नका, तक्रार घेणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. मला तेव्हा तेवढं फ्रेंच सुचलं नाही. मग म्हणाले, तेझे (THESEE) नावाचं पोर्टल आहे, ऑनलाइन फसवणुकीसाठीच आहे, तिथे करा. तिथे फ्रान्सकनेक्टने, म्हणजे तिकडच्या सरकारी ऑनलाइन ओळखीने, लॉगिन लागतं. ते टॅक्सच्या किंवा आरोग्य विम्याच्या खात्यावरून मिळतं. काल विमानातून उतरलेल्या पोरीकडे यातलं काय असणार? विम्याला बँक खातं हवं, बँकेला पत्त्याचा पुरावा हवा, आणि पत्ता तर चोरीला गेलेला.

इकडे बाबांनी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. तिथून सायबर पोलीस ठाणं, तिथून "मुलगी जिथे आहे तिथे गुन्हा नोंदवा". बँकेने पैसे परत मागवायचा संदेश पाठवला, त्याचे १,१८० रुपये वेगळे कापले, आणि उत्तर काय आलं? खातेदाराची संमती नाही. चोराची संमती! बाबांनी ते पत्र प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलंय, कशासाठी देव जाणे.

नागपूरच्या एका सीनियरने तिच्या खोलीत गादी टाकून दिली आणि सोबत राहत असल्याचं पत्र लिहून दिलं, म्हणून बँक खातं उघडलं. हे पत्र चालतं, लक्षात ठेवा. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागाने काय दिलं? घोटाळ्यांपासून सावध राहण्याचं रंगीत पत्रक.

व्हिडिओ कॉलवर खोली दाखवा म्हणा, आणि ते दाखवत असताना नळ सोडायला, खिडकी उघडून खालचा रस्ता दाखवायला सांगा. मालकीचा पुरावा म्हणून घरपट्टीचा, तिकडच्या ताक्स फोंसिएरचा कागद मागा. खोलीचे फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहेत का, ते फोटोवरूनच शोधून पाहा. गेल्या वर्षीच्या कुणा सीनियरला जाऊन दार वाजवायला सांगा, लाजू नका, तिला जेवू घाला. पहिले काही आठवडे हॉस्टेलला महाग पडले तरी पडू द्या.

आणि पासपोर्टची कोरी प्रत कुणालाही पाठवू नका. फिलिग्रान फासिल नावाची फ्रेंच सरकारी सेवा फुकट आहे, कागदावर आडवं-तिडवं लिहून देते की ही प्रत फक्त घराच्या अर्जासाठी. मी कोरी पाठवली होती. त्या "मालकिणी"ने मला पाठवलेलं ओळखपत्रही कुणा फसलेल्या बाईचंच असणार, हे आता कळतंय. तेव्हा उद्या नाशिकच्या मुलीचा पासपोर्ट दाखवून कोणी ग्रनोबलला नाहीतर लिलला खोली देऊ करत असेल, तर ती मी नाही. मी अजून गादीवरच आहे.