हाय-फाय रश की सायोनारा वाइल्ड हार्ट्स, आधी कोणता घ्यावा?

तालावर चालणारा आणि दिसायला एकदम देखणा असा एखादा गेम घ्यायचाय आणि यादी करता करता शेवटी हे दोनच उरलेत, अशांसाठी हे लिहितोय. दोन्ही मी पूर्ण खेळलोय आणि दोन्ही मला मनापासून आवडतात, पण जात वेगळी आहे दोघांची, नुसते रिव्ह्यूचे आकडे बघून ठरवलंत तर चुकीचा घ्याल.

आकड्यांचं आधी उरकून टाकतो. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर 100 पैकी हाय-फाय रश 87 ते 89 च्या घरात आणि सायोनारा 80 च्या पुढे. सायोनाराला 2020 मध्ये कलेसाठीचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, हाय-फाय रशला 2024 मध्ये ॲनिमेशनचा, शिवाय 2023 च्या गेम अवॉर्ड्समध्ये ऑडिओ डिझाइनचा पुरस्कार. थोडक्यात समीक्षकांनी दोघांनाही डोक्यावर घेतलंय, त्यावरून निवड होणार नाही.

हाय-फाय रश हा मारामारीचा गेम आहे. टोकियोच्या टँगो गेमवर्क्सने केलाय, ज्यांची ओळख तोपर्यंत भीतीदायक गेम्सची होती, आणि 25 जानेवारी 2023 ला एका ऑनलाइन कार्यक्रमात जाहीर करून त्याच दिवशी विकायलाही काढला, आधी ट्रेलर नाही की जाहिरात नाही. हिरोचं नाव चाय (हो, चायच), त्याच्या छातीत म्युझिक प्लेयर अडकतो आणि त्यानंतर सगळी दुनियाच ठेक्यावर चालायला लागते, म्हणजे पाइप, वाफ, झाडं, चायची पावलं, शत्रूंचे हल्ले, सगळं. आता यातली खरी हुशारी सांगतो, कारण "मला ताल कळत नाही" म्हणून बरेच जण हा गेम टाळतात. तुम्ही बटण थोडं मागेपुढे दाबलंत तरी चायचा फटका बीटवरच पडतो, फक्त तुम्ही स्वतः बीटवर दाबलंत तर तो जास्त जोरात लागतो आणि गुण जास्त मिळतात. शाळेतली लेझीम आठवा, एखाद्याचा हात चुकला तरी हलगी आणि आजूबाजूची पोरं त्याला पुन्हा ठेक्यात ओढून घ्यायची, अगदी तसं वाटतं. पहिल्या मोठ्या बॉसशी, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या तगड्या शत्रूशी, लढताना मागे नाइन इंच नेल्स या अमेरिकन रॉक बँडचं गाणं वाजत असतं, तोपर्यंत बोटं आपोआप तालात पडायला लागलेली असतात. उड्या मारत पुढे जायचे भाग मात्र जड वाटतात, चाय हवेत हवा तसा वळत नाही, रिव्ह्यूंमध्ये ही तक्रार होती आणि ती बरोबरच आहे. संपायला दहाबारा तास धरा.

सायोनारा वाइल्ड हार्ट्स स्वीडनच्या माल्मो शहरातल्या सिमोगो या छोट्या टीमचा, सप्टेंबर 2019 चा. हा गेम म्हणजे एक अख्खा पॉप अल्बमच आहे, प्रत्येक लेव्हल म्हणजे एक गाणं किंवा गाण्याचा तुकडा. मन मोडलेली एक मुलगी मोटरसायकलवरून सुसाट निघते आणि तुम्ही फक्त तिला डावीकडे उजवीकडे वळवायचं, हृदयं गोळा करायची, वेळेवर एक बटण दाबायचं. एका लेव्हलमध्ये समोरच्या जुळ्या बहिणी चुटकी वाजवतात आणि दर चुटकीला आख्खा रस्ता बदलतो, ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पुन्हा पुन्हा पडलात तर तो भाग सोडून पुढे जायची सोय गेम स्वतःच देतो. तक्रार एकच, लांबी, दीडएक तासात संपतो. मला ती तक्रार पटत नाही, अल्बम कोणी एकदाच ऐकत नाही. पण डोळ्यांसमोर रंग आणि प्रकाश सतत लखलखतात, ज्यांना त्याचा त्रास होतो त्यांनी लांब राहावं.

धंद्याचं बोलायचं तर इथे आकडे नीट वाचा. हाय-फाय रशचे 30 लाख खेळाडू झाले असं 2023 च्या ऑगस्टमध्ये सांगितलं गेलं, पण ते खेळाडू आहेत, विकलेल्या प्रती नाहीत, कारण हाय-फाय रश पहिल्या दिवसापासून गेम पासमध्ये, म्हणजे एक्सबॉक्सच्या वर्गणी भरून गेम खेळायच्या सेवेत, होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एक्सबॉक्सच्या एका बड्या अधिकाऱ्याने सगळ्या मोजमापांवर हा हिट असल्याचं जाहीरपणे लिहिलं, आणि तरी 7 मे 2024 ला एक्सबॉक्स आणि टँगो दोन्हींची मालक असलेल्या मायक्रोसॉफ्टने टँगो बंद करत असल्याचं सांगितलं. बाफ्टा मिळून महिनाही झाला नव्हता. मला आजही ते वाचून वाईट वाटतं. ऑगस्टमध्ये क्राफ्टनने, म्हणजे आपल्याकडे बीजीएमआय हा मोबाइल गेम चालवणाऱ्या कोरियन कंपनीने, टँगो आणि हाय-फाय रशचे हक्क घेतले म्हणून ते नाव टिकलं. सायोनाराची गोष्ट वेगळी. तो ॲपल आर्केड या ॲपलच्या वर्गणीवाल्या गेम सेवेच्या पहिल्याच दिवसाच्या यादीत होता, भारतात तेव्हा 99 रुपये महिना, शिवाय निन्टेंडोच्या स्विचवर आणि प्लेस्टेशनवर सुट्टा विकला जात होता, टीम लहान, खर्च त्यामानाने बेताचा. टँगो बंद होण्याची बातमी आली त्याच मे महिन्यात सिमोगोचा पुढचा गेम बाजारात आला.

तर निवड. पीसी, एक्सबॉक्स किंवा पीएस5 आहे आणि चार वीकेंड हाताशी आहेत तर बिनधास्त हाय-फाय रश, मूळ किंमत 30 डॉलर आहे आणि दोघांतला एकच घेणार असाल तर माझं मत यालाच. फक्त गेम पासवर खेळून सोडू नका, आवडला तर विकत घ्या, केलेल्यांना ते कळू दे. स्विच आहे, मारामारीचा कंटाळा आहे, किंवा घरात कधीच गेम न खेळलेल्या कुणाला शेजारी बसवून काहीतरी दाखवायचंय, तर सायोनारा, मूळ किंमत 13 डॉलर, दिवे घालवून एका बैठकीत. गाण्यांची आवड आहे पण बटणांची नाही असे लोकही यात रमतात.

आणि दोन्हींसाठी ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवा, आवाज उशिरा पोचतो आणि चूक तुमची नसताना ठेका चुकतो. वायरचे लावा. हाय-फाय रशच्या सेटिंगमध्ये आवाज आणि चित्र जुळवून घ्यायची सोय आहे, टीव्हीवर खेळणार असाल तर ते आधी करा, मग पहिली लेव्हल सुरू करा.