पलीकडून परत आलेला माणूस : ‘व्हॉयेजर’चा ‘इमॅनेशन्स’

बंद पेटीच्या आतून धपाधप आवाज येतो. बाहेर उभे असलेले लोक हबकतात, कारण ही पेटी माणसाला पलीकडे धाडण्यासाठी आहे, पलीकडून कुणी येण्यासाठी नाही. झाकण उघडतं, तर आत ‘व्हॉयेजर’ या अंतराळयानावरचा तरुण अधिकारी हॅरी किम. ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या विज्ञानकथा मालिकेच्या पहिल्या हंगामातला ‘इमॅनेशन्स’ हा नववा भाग १३ मार्च १९९५ रोजी प्रथम दाखवला गेला. लेखक ब्रॅनन ब्रागा, दिग्दर्शक डेव्हिड लिव्हिंगस्टन. परग्रहावरच्या परलोकाबद्दल इतकं नेमकं लिखाण या मालिकेत क्वचितच झालं आहे.

पेटीबाहेरच्या या परग्रहवासी व्ह्नोरी लोकांची श्रद्धा अशी, की मरण आलं की माणूस देहासकट ‘पुढच्या इमॅनेशन’मध्ये, म्हणजे मरणानंतरच्या अस्तित्वात, पोचतो आणि आधी गेलेले नातलग तिथे भेटतात. या श्रद्धेला त्यांच्याजवळ पुरावाही आहे. पेटीतलं प्रेत खरोखरच नाहीसं होतं! आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. व्ह्नोरींच्या वाट्याला ती धाकधूक कधी आलीच नाही. म्हणूनच त्या देहांचं काय होतं हे कळल्यावर त्यांच्या पायाखालची जमीन सरकते. ते देह अवकाशातल्या एका पोकळीतून थेट एका ग्रहाच्या कड्यातल्या लघुग्रहांवर जाऊन पडतात, कोळिष्टकासारख्या आवरणात गुंडाळलेले.

पेटीला ते सेनोटाफ म्हणतात. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून रोज जाणाऱ्या इंदूरकरांना हा शब्द ओळखीचा वाटेल. होळकरांच्या या छत्र्यांना इंग्रजी पुस्तकांत हेच नाव आहे आणि मूळ ग्रीक अर्थ रिकामी कबर. लेखकाने तो अचूक उचलला आहे : ज्या जागेला मान द्यायचा, तिथे देह नसतोच.

पहिली दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून बघा. ‘व्हॉयेजर’ जहाज त्या लघुग्रहांवर जातं ते २४७व्या मूलद्रव्याच्या शोधात (आपल्या आजच्या तक्त्यात ११८ आहेत), पण प्रेतं दिसताच जहाजावरचा उपप्रमुख चाकोटे ट्रायकॉर्डर, म्हणजे हातातलं तपासणी यंत्र, बंद ठेवायला सांगतो. फक्त डोळ्यांनी बघायचं, कशाला हात लावायचा नाही. पूर्वी एका दफनभूमीतून नुसता एक दगड उचलला आणि ती जागा विटाळली, ही चूक तो तिथेच सांगतो. सुतकाच्या घरात कसं वागावं, हे ज्याला शिकवावं लागत नाही असा हा माणूस आहे. पुढे जहाजावर जे घडतं ते तोलायला हाच प्रसंग उपयोगी पडतो.

त्या पोकळीतून किम व्ह्नोरींकडे पोचतो त्याच वेळी प्टेरा नावाची नुकतीच गेलेली व्ह्नोरी बाई व्हॉयेजरवर येते. डॉक्टर तिचा कर्करोग काढून तिला जिवंत करतो. वैद्यकीयदृष्ट्या उत्तम काम, पण तिच्या दृष्टीने अनर्थ. ती मेली, तरी आधी गेलेला भाऊ कुठेच नाही. तिला परत पाठवण्याच्या प्रयत्नात ती पुन्हा मरते, आणि इथे पटकथा कमी पडते. एवढ्या मोठ्या घटनेला दोन-चार संवाद मिळतात आणि कॅमेरा पुढे सरकतो. ज्यांनी तिला विचारल्याशिवाय उठवलं, त्यांना कुणी जाब विचारायला हवा होता.

भागाचा कणा मात्र हटिल गारन हा व्ह्नोरी. अपघाताने अधू झालेला, आणि घरच्यांनी मिळून ठरवलेलं की याने आता पेटीत मरण पत्करून पुढे जावं. कुणी ओरडत नाही, कुणी दुष्ट नाही. बायको प्रेमानेच बोलते आणि म्हणूनच ते बघवत नाही. किमच्या बोलण्याने त्याच्या मनात शंका शिरते. घराण्याचा मान राखायचा की जगायचं? कफन डोक्यापासून पायापर्यंत झाकणारं असल्यामुळे अदलाबदल शक्य होते : हटिल डोंगराकडे निघतो, किम पेटीत झोपतो. तो नुसता लपत नाही, खरोखर मरतो. जहाजावर वेळेत उठवतील या भरवशावर. किम साकारणाऱ्या गॅरेट वँगच्या चेहऱ्यावरची भीती इथे अस्सल आहे.

इंग्रजी सबटायटल लावूनच बघा. व्ह्नोरींचे शब्द कानाने पहिल्या फटक्यात पकडता येत नाहीत. भाग पाऊण तासाचा आहे. आवडला तर याच मालिकेतला चौथ्या हंगामातला ‘मॉर्टल कॉइल’ लगेच लावा. त्यात जहाजावरचा नीलिक्स मरून परत येतो आणि पलीकडे काहीच नव्हतं म्हणून कोसळतो. सहाव्या हंगामातला ‘बार्ज ऑफ द डेड’ क्लिंगन या परग्रहवासी जमातीच्या नरकात नेतो, पण त्यासाठी जहाजावरची अभियंता बेलाना आणि तिच्या आईचं नातं आधी माहीत हवं.

शेवटचा भोजनगृहातला प्रसंग चुकवू नका. मरताना त्या देहांमधून निघालेली ऊर्जा ग्रहाच्या कड्यांभोवतीच्या क्षेत्रात मिसळते, एवढंच कप्तान जेनवे किमला सांगते. तिथे कुणी आहे असंही म्हणत नाही, नाही असंही नाही. आणि त्याला दोन दिवसांची रजा देते, विचार करायला.