क्रिटामध्ये पोर्ट्रेट: हाताने काढल्यासारखं दिसतं का? (बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर)

पावसाळ्याच्या आधीपासून पोर्ट्रेटची सगळी कामं मी क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्येच करतेय. निकाल आधीच सांगून टाकते. पेन्सिल आणि कोळशाच्या कामासाठी हे सॉफ्टवेअर मला मनापासून आवडलं, रंगातही ते चांगलं चालतं. पण इन्स्टॉल केल्या केल्या जसं असतं तसंच वापरत राहिलं, तर चेहरे प्लास्टिकचे दिसतात. चित्रात हात दिसायला हवा असेल तर सॉफ्टवेअरची बरीचशी मदत आधी बंद करावी लागते. क्रिटाचं मोठेपण हे, की ती बंद करता येते.

माझ्याकडे कामं येतात ती घरगुती. नाशिकमध्ये पंचाहत्तरी, वास्तुशांत, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असं काही निघालं की लोक जुना फोटो घेऊन येतात. ग्रूप फोटोतला आजीचा नखाएवढा चेहरा, नाहीतर आजोबांचा पिवळा पडलेला पासपोर्ट फोटो. मागणी ठरलेली: "फोटोसारखं नको ताई, हाताने काढल्यासारखं पाहिजे." साधन म्हणाल तर मध्यम किमतीचा, स्क्रीन नसलेला पेन टॅबलेट आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप.

सुरुवात स्मूदिंगपासून, म्हणजे हाताने काढलेली रेघ आपोआप गुळगुळीत करणाऱ्या सोयीपासून. फ्रीहँड ब्रशच्या टूल ऑप्शन्समध्ये हा पर्याय असतो आणि तो मुळातच 'बेसिक'वर ठेवलेला असतो. त्याच्या पुढचा 'स्टॅबिलायझर' तर हाताचा सगळा थरकाप गिळून टाकतो. कॉमिक्स किंवा अक्षरं काढणाऱ्यांना तो वरदान आहे, पोर्ट्रेटला मात्र नको. वरच्या पापणीची रेघ बघा. नाकाकडच्या कोपऱ्यात ती हलकेच सुरू होते, बुबुळावर येताना दाब वाढतो, तिथे हात क्षणभर अडखळतो आणि बाहेरच्या टोकाला रेघ सुटून जाते. त्या अडखळण्यातच नजर असते. स्टॅबिलायझर त्याची सरासरी काढतो आणि डोळा स्टिकरसारखा चिकटवलेला दिसतो. मी स्मूदिंग 'नन'वर, म्हणजे बंदच, ठेवते. रेघ फारच थरथरत असेल तर झूम वाढवून मनगटाऐवजी कोपरातून हात फिरवायचा. इंटरमीजिएटच्या परीक्षेची तयारी करताना चित्रकलेचे सर हेच तर सांगायचे.

आता पोत. इथे क्रिटा खरोखर श्रीमंत आहे. एफ-५ दाबलं की ब्रश एडिटर उघडतो, त्यात 'टेक्स्चर' नावाचा भाग आहे. खऱ्या कार्ट्रिज पेपरवर, म्हणजे चित्रकलेच्या जाड खरखरीत कागदावर, काय होतं ते आठवा. पेन्सिल हलकी फिरवली तर कागदाचे उंचवटे तेवढे काळे होतात आणि खोलगट भाग पांढरे राहतात. त्याच जागी पुन्हा दाबून फिरवली की खळगेही भरत जातात. म्हणजे कागदाचा दाणा जागचा हलत नाही, फक्त भरत जातो. बाजारात फुकट मिळणाऱ्या बऱ्याच पेन्सिल ब्रशमध्ये दाणा टोकालाच चिकटवलेला असतो. तो रेघेबरोबर फिरतो आणि शेडिंगवर शेडिंग चढवलं की नुसता राखाडी चिखल होतो. क्रिटाचं टेक्स्चर कॅनव्हासला बांधलेलं असतं. त्यात 'रँडम ऑफसेट' बंद ठेवा, मोड 'सबट्रॅक्ट' घ्या आणि 'स्ट्रेंग्थ' पेनच्या दाबाला जोडा. मग गालावर दुसरा हात फिरवताना पहिल्या हाताने सोडलेले पांढरे ठिपके हळूहळू भरताना दिसतात. पहिल्यांदा हे नीट जमलं तेव्हा मी कितीतरी वेळ एकच गाल रंगवत बसले होते.

दाबाचंही तसंच. टॅबलेटच्या खोक्यावर दाबाच्या ८१९२ पातळ्या छापलेल्या असतात, पण हलक्या दाबाला पेन कसं वागतं हे जास्त महत्त्वाचं. टॅबलेट सेटिंगमधला दाबाचा वक्र सुरुवातीला थोडा खाली ओढून घ्या, म्हणजे पेन नुसतं टेकलं की गडद डाग पडणार नाही. कपाळावरची केसांची सुरुवात आणि भुवईची शेवटची चार-दोन केसं यानेच सुधारतात.

रंगकामात घात करतो तो मऊ एअरब्रश. त्याने सावली इतकी सलग उतरते की कातडीखाली हाडं आहेत हेच विसरायला होतं. मी तो पॅलेटमधूनच काढून टाकलाय. त्याऐवजी कलर स्मज इंजिनचा, म्हणजे खालचा रंग फासत-मिसळत जाणारा, एक खरबरीत टोकाचा ब्रश वापरते. त्यात 'स्मिअरिंग' आणि 'डलिंग' असे दोन प्रकार आहेत. स्मिअरिंग खालचा रंग जसाच्या तसा ओढत नेतं, तर डलिंग खालून एकच रंग उचलून मिसळतं. त्वचेला मला डलिंग मानवतं, पाठीमागच्या भिंतीला स्मिअरिंग.

सगळ्यात जास्त वेळ मात्र कडांना द्यावा. नऊवारीतल्या एका आजींचं पोर्ट्रेट केलं, त्यात उजवा गाल डोक्यावरून घेतलेल्या पदराच्या सावलीत होता. फोटोत तिथे कडा स्पष्ट दिसत होती, मी ती जवळजवळ पुसली, गाल आणि पदर एकाच तपकिरी रंगात जाऊ दिले. धारदार कडा ठेवली ती फक्त नथीच्या मोत्याला आणि डाव्या पापणीला. बघणाऱ्याची नजर आपोआप तिथे जाते. सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आठवा. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये असलेल्या या जलरंगातल्या चित्रात ज्योत झाकणारी बोटं आणि चेहरा उजळतात, बाकीचं सगळं शांत होत जातं. सगळीकडे सारखीच धार असली की चित्रात फोटो उरतो, चित्रकार उरत नाही. यासाठी कुठलंही सेटिंग नाही. क्रिटात इरेझर 'ई' या एका बटणावर आहे आणि तो चालू ब्रशच्याच पोताने पुसतो, म्हणून कडा पुसतानाही कागद कागदच राहतो. ही सोय मी रोज वापरते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

आणखी एक: फोटोतून आयड्रॉपरने रंग उचलू नका. जुना फोटो लाल-पिवळा झालेला असतो. कपाळ जरा पिवळसर, नाक-गाल तांबूस, हनुवटी आणि ओठांभोवतीचा भाग थंड, एवढं धरून चाललं तरी चेहरा जिवंत होतो. साडी हिरवी असेल तर तो हिरवा हनुवटीखाली थोडा चढवला की आणखी जिवंत.

अडचणी आहेतच. ए-३ आकार ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) घेतला की ३५०८ × ४९६१ पिक्सेलचा कॅनव्हास होतो. माझ्या लॅपटॉपवर त्यावर मोठा पोताचा ब्रश फिरवला की रेघ पेनच्या मागून येते. मी लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, तीनच ठेवते: कागदाचा रंग, रेखाटन, रंगकाम. कमी लेयरचा फायदा असा, की चुकलेलं झाकावं लागतं आणि झाकलेल्याचा मागमूस चित्रात राहतो, कागदावर राहतो तसा. टॅबलेटवर चिकटवलेल्या खरखरीत शीटने पकड छान मिळते, पण पेनची टोकं, म्हणजे निब, भराभर झिजतात, जादा निब घेऊन ठेवा. आयपॅड असेल तर प्रोक्रिएट हे चित्रकलेचं अ‍ॅपही उत्तमच. त्याचे पैसे एकदाच भरायचे असतात, पण ते आयपॅडशिवाय चालत नाही. क्रिटा विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतं आणि त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. स्टीम या ऑनलाइन दुकानात तेच पैसे देऊन घेता येतं. कमाई करत असाल तर जरूर घ्या, त्या पैशावरच ते पुढे वाढतं.

शेवटी प्रिंट. स्क्रीनवर झूम करून सुंदर दिसणारा दाणा कागदावर गायब होऊ शकतो. ३०० डीपीआयला ४ पिक्सेलचा दाणा म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम एक तृतीयांश. पोर्ट्रेट भिंतीवर, दोन-तीन हातांवरून बघितलं जाणार असेल तर टेक्स्चरचा स्केल दुप्पट करा. आणि पूर्ण चित्र छापण्याआधी डोळा आणि गाल एवढाच तुकडा मॅट कागदावर मूळ आकारात काढून बघा. ग्लॉसी कागद घेऊ नका, त्याच्या चकाकीत सगळं शेडिंग बुडतं.