सीए की साधं कोल्ड स्टोरेज? मोसंबी आणि केसर आंबावाल्यांसाठी

साध्या कोल्ड स्टोरेजमध्ये फळाला फक्त गारवा मिळतो. सीए (कंट्रोल्ड अ‍ॅटमॉस्फिअर), म्हणजे नियंत्रित वातावरणाच्या साठवणीत, त्याचा श्वासही आवळतात. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन १ ते ५ टक्क्यांवर आणतात, कार्बन डायऑक्साइड वाढवतात, फळ पिकवणारा इथिलीन काढून टाकतात. सफरचंद अशा खोलीत आठ-दहा महिने राहतं. हे ऐकून साठवणीची खोली बांधायला निघालेल्या आपल्या शेतकरी गटातल्यांचे डोळे चमकतात, पण आपल्या खोलीत जालन्याची मोसंबी येणार आहे.

मोसंबी तोडल्यावर पिकत नाही. केळी-आंब्यासारखी इथिलीनची उसळी तिच्यात नाही, त्यामुळे हवा बदलून फारसं हाती लागत नाही. मेण लावून ६ ते ८ अंशांवर, ९० टक्क्यांच्या आसपास ओलावा राखला, तर साध्या खोलीतही ती दीड-दोन महिने निघते. ती सडते बुरशीने, आणि बुरशी आपटलेल्या, ओरखडलेल्या फळात आधी शिरते. झाड हलवून माल पाडणाऱ्याला कुठलंच यंत्र वाचवणार नाही.

केसर तोडल्यावर पिकतो, म्हणून सीएचा उपयोग त्याला आहे. पण १२-१३ अंशांच्या बराच खाली नेला तर साल काळवंडते आणि आंबा नीट पिकत नाही. म्हणजे सीए असूनही तो सफरचंदासारखा महिनोन् महिने ठेवता येत नाही. शिवाय हंगाम मे-जूनचा. पुढे खोली कशाने भरणार? जहाजाने माल धाडणाऱ्याला सीएची सोय असलेला कंटेनर भाड्याने मिळतो, त्यासाठी इमारत कशाला?

आणखी एक अडचण. सीएची खोली हवाबंद असते, एकाच फळाने झटपट भरावी लागते. भाव बघून रोज वीस क्रेट काढायची आपली सवय तिथे चालत नाही. दार उघडलं की वायूंचं गणित बिघडलं. आणि ऑक्सिजन कमी असताना माणूस आत शिरला तर जिवावर बेततं.

वैजापूरकडच्या उन्हाळी कांद्याला हवेशीर चाळ पुरते. भाजीला विटांच्या दुहेरी भिंतीत ओली वाळू भरलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष स्वस्त पडतो, फक्त एप्रिलात त्याच्यावर शिंपडायला पाणी कुठून आणायचं ते आधी ठरवा.

मी असतो तर पैसा प्री-कूलिंग (तोडलेला माल साठवण्याआधी झटपट गार करणं), प्रतवारी आणि जनरेटरवर घातला असता. तरी कोणी सीए विकायला आलाच, तर मोसंबीने भरलेली एखादी चालू खोली दाखवायला सांगा.