परवाच मुरूम टाकलाय: डस्टर एडब्ल्यूडीबरोबर सहा वर्षं

“मॅडम, कालवड अडलीय. पयलंच वेत हाय, लवकर या.”

“वस्तीपर्यंत गाडी येते का?”

“येती की! परवाच मुरूम टाकलाय.”

पावसाळ्यात या शेवटच्या वाक्याची मला जेवढी धास्ती वाटते तेवढी मारक्या बैलाचीही वाटत नाही. रोलर न फिरवलेला मुरूम दोन सरींत शिऱ्यासारखा होतो. मी साताऱ्यात खाजगी पशुवैद्यक म्हणून काम करते. परळी खोरं, ठोसेघरची वरची अंगं, मेढ्याच्या बाजूच्या वाड्या हा माझा इलाका. डांबरी सडक जिथे संपते तिथून माझं काम सुरू होतं म्हणा ना. आधीची छोटी हॅचबॅक मी ओढ्याच्या अलीकडे लावायचे आणि एका हातात बॅग, दुसऱ्या हातात (कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या मात्रांसाठीचा) द्रव नायट्रोजनचा कॅन घेऊन चढण चढायचे. पंचेचाळिशीनंतर गुडघ्यांनी तक्रार केली, म्हणून 2019 च्या उन्हाळ्यात रेनो डस्टर एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी डस्टर, घेतली. जुनी. 2015 चं मॉडेल, 58,000 किलोमीटर फिरलेली, सात लाखांना थोडे कमी.

आधीचे मालक पुण्याचे. गाडी एकदा लडाखला जाऊन आलेली आणि बाकीचा काळ सोसायटीच्या तळघरात झोपलेली. आपल्या मागच्या चाकांनाही ताकद मिळते हे त्या बिचारीला माझ्याकडे आल्यावरच कळलं असावं. आता काटा 1,63,000 वर आहे. म्हणजे लाखाच्या वर किलोमीटर मी आणि (नाइलाजाने) माझ्या नवऱ्याने चालवली. त्या हिशोबावर हे लिहितेय.

ही गाडी 2014 मध्ये आली तेव्हा एसयूव्हीसारख्या दिसणाऱ्या गाड्या भरपूर होत्या, पण या किमतीत चारही चाकांना ताकद देणाऱ्या फारच थोड्या. 1.5 लिटरचं 110 अश्वशक्तीवालं डिझेल इंजिन, सहा गिअर, जमिनीपासून 210 मिलिमीटर उंची. मागचं सस्पेन्शन साध्या डस्टरपेक्षा वेगळं, दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारं. खड्ड्यातून जाताना पोटातलं पाणी हलत नाही असं म्हणतात ते या गाडीबद्दल जवळजवळ खरं आहे. माझ्या लशींच्या शीतपेटीला विचारा. 2022 मध्ये गुरांच्या लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा सकाळी सात ते रात्री नऊ वाड्या पालथ्या घालत होते. पेटीतल्या बाटल्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज कधी आला नाही.

लोक विचारतात, “मॅडम, कायम फोर व्हीलवर चालते का?” नाही. रोजच्या रस्त्यावर ही पुढच्या चाकांवरच चालते. मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या, तोंडाशी एक विद्युतचुंबकी क्लच आहे. गिअरच्या पुढे एक गोल नॉब आहे, तो ‘ऑटो’वर असला की पुढचं चाक घसरल्याचं गाडीला कळतं, क्लच आवळला जातो आणि मागच्या चाकांना ताकद पोचते. आपल्याला कळतं ते एवढंच की आता घसरणार असं वाटलं तेवढ्यात पार्श्वभाग खाली दबून गाडी पुढे सरकली. ‘लॉक’वर ठेवलं की ताकद पुढे-मागे निम्मी-निम्मी. तिसरी जागा फक्त पुढच्या चाकांची, ती मी वापरतच नाही. जीपसारखा वेगळा लो गिअर मात्र हिला नाही.

त्याऐवजी दिलाय तो पहिला गिअर, आणि माझ्या मते गाडीचा खरा जीव तिथे आहे. हा इतका आखूड आहे की इंजिनाच्या मिनिटाला हजार फेऱ्यांना गाडी ताशी पावणेसहा किलोमीटर सरकते. नुसतं इंजिन चालू, पाय कुठेच नाही, तर साधारण साडेचार-पावणेपाच. हा वेग कुणाचा, तर संध्याकाळी घराकडे निघालेल्या म्हशीचा. उतारावर पुढे दहा म्हशी आणि त्यांच्यामागे काठी खांद्यावर आडवी टाकून चाललेला गुराखी असतो, तेव्हा मी पहिल्यात टाकते आणि दोन्ही पाय आवरून बसते. ब्रेक नाही, क्लच नाही, हॉर्न नाही. म्हशी वळून बघतसुद्धा नाहीत. ओल्या उतारावर ब्रेक दाबला की गाडी घसरते, हा धोका त्यामुळे बराच कमी होतो.

हाच पहिला गिअर साताऱ्यात डोक्याला ताप आहे. पोवई नाक्यावर सिग्नल सुटला की पहिला टाकेपर्यंत दुसरा मागतो, आणि मागचा रिक्षावाला तोवर आपल्या सात पिढ्यांची चौकशी करतो. सपाटीवर सरळ दुसऱ्यात उचलायची, हा या गाडीचा पहिला धडा. मुलाला तो दोन दिवसांत जमला, नवऱ्याला अजून नाही. क्लच जड आहे, स्टिअरिंगही जागेवर फिरवताना दंड भरून येतात. दोन हजार फेऱ्यांच्या खाली इंजिन झोपलेलं असतं, वर गेलं की एकदम अंगात येतं. मोती चौकातल्या गर्दीतून ही गाडी काढणं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून खोंड नेण्यासारखं आहे. आणि बाहेरचे आरसे हलवायचं बटण कुठे असावं? हँडब्रेकच्या खाली! हँडब्रेक वर ओढल्याशिवाय ते हाताला लागत नाही. घेतल्यावर आठवडाभर मी आरशाचं बटण दारावर शोधत होते. 2016 च्या नव्या रूपात बरंच काही बदललं म्हणतात. माझ्या जुनीत हे असंच आहे.

डिकी साध्या डस्टरला 475 लिटरची, हिला 410 ची, कारण खाली यंत्रणा बसवलीय. मला पुरते. नायट्रोजनचा कॅन उभा बांधते, शेजारी औषधांचा खोका, गमबूट, एप्रन, प्रसूतीचे दोर. मागच्या सीटवर एकदा पाय मोडलेली शेळी आली होती. तो वास उन्हाळ्यात अजून अधूनमधून भेटतो.

डिझेल गावांच्या चढउतारांवर लिटरला चौदा, हायवेला पुण्यापर्यंत सतरा-साडेसतरा देते. टायमिंग बेल्ट मी घेतल्या घेतल्या बदलून घेतला. या इंजिनात साखळी नसून पट्टा आहे आणि तो तुटला तर इंजिनच बसतं, म्हणून त्या बाबतीत काटकसर केली नाही. सव्वा लाख किलोमीटरवर पायाखालचा क्लच बदलला, तोही माझ्याच कर्माने. चिखलात अर्धा क्लच दाबून रेटायची जुनी खोड.

आता अडकण्याची गोष्ट, कारण ती सांगितली नाही तर परळी खोऱ्यातलं कुणीतरी सांगेलच. मागच्या वर्षी जुलैत एका वस्तीवर जाताना ट्रॅक्टरच्या चाकोरीत चाकं घातली. ट्रॅक्टरची चाकोरी हातभर खोल आणि मधला गवताचा उंचवटा तसाच. नॉब लॉकवर होता, टायर चांगले होते, सगळं शास्त्रशुद्ध. गाडी पोटावर बसली. चारही चाकं हवेत गरगर फिरतायत आणि मी आत बसून डॅशबोर्डकडे बघतेय. चाकं जमिनीला टेकतच नसतील तर ताकद दोन चाकांना जाते की चार, याने काय फरक पडतो? शेवटी वरून बैलजोडी आली. त्यातल्या डाव्या बैलाच्या खुराला मीच महिनाभर मलमपट्टी केली होती. दोर बांधताना म्हातारे आबा म्हणाले, “फोर व्हीलला बैल लागत्यात व्हय?” त्या दिवशी मी फी मागितली नाही. मागायला तोंडच नव्हतं.

तेव्हापासून चाकोरी दिसली की मी एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक बाहेरच्या कडेवर ठेवते. गाडी तिरकी होते, बाजूला बसलेला माणूस देवाचं नाव घेतो, पण पोट टेकत नाही.

रविवारी हीच गाडी घरच्यांची होते. फिनाइलने पुसायची, गमबूट बाहेर काढायचे, डबे आत टाकायचे. आमचं ठरलेलं ठिकाण चाळकेवाडीचं पठार. सज्जनगडाचा फाटा सोडून ठोसेघरवरून वर चढलं की पवनचक्क्या सुरू होतात. ऑगस्टच्या धुक्यात पातं दिसत नाही, फक्त ‘व्हूप… व्हूप’ असा आवाज डोक्यावरून जातो. मुलगा लहान असताना त्याला वाटायचं वर कुणीतरी गोधडी झटकतंय. पवनचक्क्यांकडे जाणारे कच्चे रस्ते जांभ्याचे, वर शेवाळ. एडब्ल्यूडी इथे चढताना सुख देते. एवढं सुख देते की माणूस गाफील होतो, आणि मी झाले. उतरताना एका वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी आपल्या मर्जीने चार-पाच फूट सरकत कडेच्या दगडाला टेकली. बंपरला ओरखडा आला, बाकी सगळे ठीक. चढताना चार चाकं ओढतात, पण थांबायला तर प्रत्येक गाडीची चारच चाकं असतात, आणि ती टायरच्या भरवशावर थांबतात. मूळचे 215/65 आर 16 मापाचे हायवे टायर होते. त्या आठवड्यात त्याच मापाचे, जाड खाचांचे टायर घातले. हायवेला थोडा घोंघाट करतात, चालतं.

टायरवरून एक गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. एक टायर फाटला म्हणून एकच नवा घालू नका. नव्या आणि झिजलेल्या टायरचा घेर वेगळा, म्हणून फेरे वेगळे, आणि गाडीला वाटतं चाक घसरतंय. मागचा विद्युतचुंबकी क्लच विनाकारण आवळत राहतो, तापतो. चारही टायर एका झिजेचे हवेत. खर्चिक आहे, पण मागची यंत्रणा त्याहून खर्चिक आहे.

बामणोलीला जातो तेव्हा गाडी काठावर लावून लाँचने पुढे. कासच्या रस्त्याला फुलांच्या हंगामात आम्ही फिरकत नाही. गाड्यांची रांग बघायला पोवई नाका आहेच. पाटण, कुंभार्ली घाट उतरून गुहागरला मात्र वर्षातून दोनदा जातो, आणि दर वेळी किनाऱ्यावर एखादी मोठी चकचकीत गाडी वाळूत रुतलेली आणि मालक भरतीकडे बघत उभा. नवरा दर वेळी म्हणतो, “आपली जाईल.” जाईल की. पण किनाऱ्यावर गाडी घालणं बेकायदा आहे, कासवं अंडी घालतात त्या वाळूत चाकं फिरवायची मला हौस नाही, आणि खाऱ्या पाण्याने पत्र्याला काय होतं ते एका जुन्या रुग्णवाहिकेखाली वाकून पाहिलंय. आमची गाडी सुरूच्या सावलीत उभी राहते.

दोन वर्षांपूर्वी डॅशबोर्डवर दिवे लागले आणि एडब्ल्यूडी बंद झाली. सलग एकापाठोपाठ वस्त्यांचे फोन, बाहेर पाऊस. एका मोठ्या गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर चढवली, खालून टॉर्च मारला आणि सांगितलं, “मागचं कपलिंग गेलंय, 85 हजार धरा.” कपलिंग म्हणजे तोच मागचा विद्युतचुंबकी क्लच. मी घरी आले आणि रात्रभर आकडे मांडले. सकाळी आमच्या गल्लीतल्या वायरिंगवाल्याने, ज्याचं दुकान स्कूटरच्या सीटएवढं आहे, मागच्या डाव्या चाकाशी हात घातला आणि कुरतडलेली वायर बाहेर ओढली. चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची. त्याच माहितीवर ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी एबीएस आणि एडब्ल्यूडी दोन्ही चालतात. माहितीच आली नाही म्हणून यंत्रणेने हात वर केले. उंदीर आला होता डिकीत ठेवलेल्या सरकी पेंडीच्या वासावर. बिल सहाशे रुपये. पेंडीचं पोतं आता मागच्या पडवीत असतं.

जुनी डस्टर एडब्ल्यूडी बघायला जाणार असाल तर, कारण नवी मिळायचा प्रश्नच नाही, बीएस सहा हे धुराचे नवे नियम आले तेव्हा 2020 मध्ये डिझेल बंद झालं आणि 2022 मध्ये ती डस्टरही: ओल्या गवताचा चढ शोधा, नॉब ऑटोवर ठेवा आणि मध्यावर थांबून पुन्हा उचला. एका माणसाला बाहेर उभं करून मागची चाकं बघायला सांगा. नंतर खाली वाका, मागच्या डिफरन्शियलशी तेल पाझरतंय का पाहा. टायमिंग बेल्टची पावती मागा, नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. आणि रोजचं काम शहरातलं, महिन्यातून एकदा लोणावळा, असं असेल तर घेऊच नका. जड क्लच रोजचा आणि मागची चाकं वर्षातून दोनदा, हा सौदा तोट्याचा.

माझ्याकडे तर विकत मागायला गेल्या महिन्यात एक तरुण आला होता. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, डिकी उघडली, प्रसूतीचे दोर हातात घेऊन म्हणाला, “टोइंगचे का, मॅडम?” मी काय ते सांगितलं. त्याने दोर हळूच जागेवर ठेवला आणि हात धुवायला पाणी मागितलं. तेवढ्यात फोन वाजला. वस्तीवर मुरूम टाकला होता म्हणे, परवाच.